सव्वीस वर्षं न नेलेला कोट

ती. वन्संना,

तुमच्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून हे कागदावरच. गेल्या महिन्यात गाठोडं उचलताना कंबर धरली ती अजून सुटलेली नाही, तेव्हा खरा नमस्कार भेटीत.) तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता की बाटली नुसती उशाशी ठेवता? भावोजींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, सकाळी उघड्या डोक्यानं फिरायचं आणि दुपारी छातीला शेक मागायचा, असं वागू नका. इकडे आम्ही सगळे ठीक. सगळे म्हणजे मी, तुमचे बंधू आणि दुकान. तुम्ही म्हणाल, फोन सोडून हिनं पत्र का लिहिलं. फोनवर तुम्ही मधे बोलता. पत्रात मला शेवटपर्यंत बोलता येतं. माझी शाळा चौथीत सुटली हे तुम्ही सगळ्यांना सांगत असताच, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ बघू नका, मजकूर बघा. मजकूर मोठा आहे. चष्मा शोधून बसा.

दुकानातलं मागचं कपाट तुम्हाला माहीत आहे. कपडे शिवायला टाकून जी माणसं न्यायला आलीच नाहीत, त्यांचे कपडे त्यात असतात. प्रत्येक शिंप्याकडे असं एक कपाट असतं. बाकीचे शिंपी दोन वर्षांनी ते रिकामं करतात, तुमचे बंधू करत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की कपडा गिऱ्हाइकाचा, आपण फक्त सांभाळायचा, तो येईल तेव्हा येईल. कपाटात चार शाळेचे गणवेश आहेत, त्यांतली पोरं आता स्वतःच्या पोरांना शाळेत सोडायला जातात. एक काळी पँट आहे, तिच्या मालकाच्या मयताला आम्ही दोघं जाऊन आलो, तरी पँट कपाटात आहे. (मी म्हटलं, निदान आता तरी. तर म्हणाले, त्याला मुलगा आहे.) आणि दरवर्षी एकदा हे सगळं बाहेर निघतं, झटकलं जातं, इस्त्री होतं, डांबराच्या गोळ्या बदलतात आणि परत आत जातं. न आलेल्या माणसांची इस्त्री चालू असते आणि आलेली माणसं बाकावर बसून घड्याळ बघतात. तीस वर्षं मी हे बघते आहे. गेल्या महिन्यात कपाटाची मधली फळी मोडली, सगळं गाठोडं खाली आलं, ते मी उचललं आणि कंबर धरली. अंथरुणावर पडल्यापडल्या मी ठरवलं की हे कपाट आता रिकामं होणार.

शेजारच्या झेरॉक्सवालीला तुम्ही बघितलं आहे, तीच ती, केस कापलेली. तिनं घरातल्या जुन्या वस्तू फोनवरच्या लिलावात विकून माळा मोकळा केला. तिनंच मला शिकवलं. फोटो काढायचा, खाली दोन ओळी लिहायच्या, किती दिवस बोली घ्यायची ते सांगायचं, की जगातल्या ज्यांना काही काम नाही अशा माणसांना तुमची वस्तू दिसते आणि ती एकमेकांवर बोली चढवत बसतात. दुपारी तुमचे बंधू झोपतात तेवढ्या वेळात मी सात कपड्यांचे फोटो काढले, त्यांत एक विटकरी कोट होता. पहिली अडचण तिथेच. वस्तू नवी की वापरलेली, यातलं एक निवडा म्हणे. आता कोट कुणी एकदाही घातलेला नाही म्हणजे नवा, आणि सव्वीस वर्षांचा आहे म्हणजे नवा नाही. शेवटी नवा लिहिलं आणि खाली लिहिलं, कोट आहे, चांगला आहे, घ्यायचा तर घ्या. झेरॉक्सवाली म्हणाली असं लिहीत नाहीत, जरा गोड लिही. मी म्हटलं मी काय त्याचं स्थळ काढते आहे? मापं मी मापाच्या वहीतून उतरवली. छाती छत्तीस, बाही पंचवीस, वगैरे. कुणीतरी फोनवरून विचारलं, कॉलर कशी आहे. मी कळवलं, कॉलरसारखी. कुणी विचारलं विकण्याचं कारण काय. मी कळवलं, जागा. गणवेशांना आणि पँटींना कुत्रंही विचारेना, पण कोटावर दोघं अशी पेटली की पाच दिवस माझं शिवणात लक्ष नव्हतं. एका बाईच्या स्कर्टचे दोन्ही खिसे मी शिवून बंद केले. सोमवारी संध्याकाळी लिलाव संपला. ‘वाळवी बारा’ अशा नावाच्या कुणीतरी कोट जिंकला. (फोनवर लोक अशीच नावं घेतात, आईबापांनी ठेवलेली पुरत नाहीत.) मी कोट घडी घालून झेरॉक्सवालीच्या खोक्यात भरला, वरून चिकटपट्टी मारली आणि रात्री शांत झोपले. तुमच्या बंधूंना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नको म्हणाले असते, मग विचारण्यात काय अर्थ होता.

आता नीट वाचा, गुंता इथून आहे. मंगळवारी सकाळी दुकान उघडलं, मी मशीनला तेल घालत होते, तेवढ्यात एक धिप्पाड माणूस पायरी चढून आला आणि त्यानं पाकिटातून एक पिवळी पावती काढून मास्तरांपुढे ठेवली. (दुकानात तुमच्या बंधूंना सगळे मास्तरच म्हणतात, मीसुद्धा.) आमचीच पावती. वर कोपऱ्याला टाचणीनं कापडाचा तुकडा अडकवलेला, विटकरी रंग, त्यात बारीक करडी रेघ. टाचणी गंजली होती, पण तुकडा पावतीच्या घडीत राहिल्यामुळे काल फाडल्यासारखा. हा माणूस वजनमापं तपासायच्या खात्यातला. दुकानादुकानांतून काटे आणि गज तपासत फिरायचं, हे त्याचं काम. तर नोकरीत रुजू होताना घालायला म्हणून त्यानं हा कोट टाकला होता, आणि कोट तयार व्हायच्या आधीच दूरच्या गावी नेमणूक होऊन रातोरात जावं लागलं. रुजू झाला तो शर्टावरच. मग बदल्या, लग्न, पोरं, परत बदल्या. आता येत्या शनिवारी निवृत्त होतो आहे, आणि त्याच्या मनात असं की रुजू होताना जो कोट घालायचा राहिला तो उतरताना तरी अंगावर असावा. सव्वीस वर्षं पावती पाकिटात ठेवली होती. असली माणसं तपासनीसच होतात, दुसरं काय होणार.

वन्सं, तुमचे बंधू त्या वेळी असे खुलले की आमच्या लग्नाच्या फोटोतही इतके हसलेले नाहीत. माझ्याकडे वळून बघितलं. तीस वर्षांचं सगळं त्या बघण्यात होतं. मग त्या माणसाला म्हणाले, गुरुवारी या. (आमच्या दुकानात आल्या दिवशी कपडा मिळत नाही. तयार असला तरी नाही, नसला तरी नाही. गुरुवारी या. तुमच्या वडलांपासून हे चालत आलेलं आहे, तेव्हा मला बोलू नका.) तो माणूस गेला आणि मास्तर गाणं गुणगुणत कपाटाकडे गेले. मी तेल घालत राहिले. त्या मशीनला आयुष्यात तेवढं तेल मिळालं नसेल.

मग मी सांगितलं. मला फिरवून बोलता येत नाही. कोट विकला, फोनवर विकला, शेजारी खोक्यात आहे, असं सांगितलं. मला वाटलं ओरडतील, ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि दुपारपर्यंत विषय संपला असता. ते ओरडले नाहीत. त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि खणात ठेवली. तुम्हाला माहीत आहे, ती टेप फक्त आंघोळीला उतरते, आणि कधीकधी तेव्हाही नाही. मग बाकावर बसले आणि म्हणाले, “पाटी उतरवून ठेव.” एवढंच. मला आधी समजलंच नाही. नंतर म्हणाले, या दुकानात कपडा उशिरा मिळाला असेल, तोकडा झाला असेल, एकदा तर वेगळ्याच माणसाला गेला आणि परत आणला. पण गिऱ्हाईक पावती घेऊन उभं आहे आणि कपडा नाही, असं चाळीस वर्षांत झालेलं नाही. झालं की दुकान बंद करायचं, हे त्यांनी वडलांना सांगितलेलं आहे म्हणे. मी म्हटलं तो कोट मी परत आणते, गुरुवार अजून दोन दिवस आहे. तर म्हणाले, विकलेली वस्तू परत मागायची नसते. म्हणजे तसंही बंद आणि असंही बंद. मी चप्पल घातली आणि शेजारी गेले.

विक्री रद्द करायची तर फोनमध्ये त्यासाठी बटण आहे. ते दाबलं की कारण विचारतात, पण आपलं कारण लिहायला जागा नाही. त्यांनी तीन कारणं ठरवून ठेवली आहेत, त्यांतलंच एक घ्यायचं. पहिलं, घेणाऱ्यानं नको म्हटलं. दुसरं, वस्तू हाताशी नाही किंवा खराब झाली. तिसरं, घेणाऱ्याच्या पत्त्यात घोळ आहे. मी तिन्ही दोनदा वाचली. माझी चूक झाली, असं कुठेच नाही. खरा मालक सव्वीस वर्षांनी आला, असंही नाही. झेरॉक्सवाली म्हणाली दुसरं दाब. मी म्हटलं कोट तर इथे माझ्यापुढे आहे, हाताशी नाही कसं म्हणू? मग आम्ही खोकं उचलून तिच्या बहिणीच्या घरी दोन गल्ल्या पलीकडे नेऊन ठेवलं, परत आलो, आणि मग मी दाबलं. वस्तू हाताशी नाही. तर लगेच उत्तर आलं, वस्तू नसताना विकायला ठेवली याबद्दल तुमच्या नावावर ठपका येईल, चालेल का? चालेल का म्हणून विचारतात. मी ‘नाही’ दाबलं. त्यामुळे सगळं परत पहिल्यापासून.

दुसऱ्यांदा पहिलं कारण दाबलं, घेणाऱ्यानं नको म्हटलं. हे खोटं होतं हे मला कबूल आहे, पण मी धरून चालले होते की विचारल्यावर तो नको म्हणेलच. त्यांनी खरंच विचारलं. पाच मिनिटांत वाळवी बाराचं उत्तर आलं: मी असं काही म्हटलेलं नाही, मला कोट हवा आहे, विक्रेत्यानं माझ्या तोंडी शब्द घालू नयेत. शब्द बघा कसे, एकही चूक नाही. मी झेरॉक्सवालीला तेव्हाच म्हटलं, हा माणूस शिकलेला आहे, आपलं काही खरं नाही.

मग मदतीचं बटण. तिथे एक बाई लिहून बोलते, पण ती बाई नसून यंत्र आहे हे मला अर्ध्या तासानं कळलं. मी सगळी हकिकत सांगितली, अगदी फळी मोडल्यापासून. ती म्हणाली, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. मी म्हटलं त्रास मला झालेला नाही, माझ्यामुळे झाला आहे. ती म्हणाली, तुमची नाराजी आम्ही समजू शकतो. मी म्हटलं मी नाराज नाही, मला फक्त कोट परत पाहिजे. तर तिनं मला सात कोट दाखवले, विकत घेण्यासाठी. त्यात एक माझाच होता, खाली लिहिलेलं, विकला गेला, असाच दुसरा शोधा. वन्सं, मी तुमच्याशी तीस वर्षं बोलते आहे, पण असं कधी झालं नाही की मी एक बोलते आणि समोरचं माणूस दुसरंच. (झालं आहे, पण निदान तुम्ही मुद्दाम करता.)

शेवटी बुधवारी मी सरळ लिहिलं. यंत्राला नाही, वाळवीला. कोट माझा नव्हता. ज्याचा होता तो पावती घेऊन आला आहे. चूक माझी आहे. माझ्या नवऱ्यानं गळ्यातली टेप काढली आहे. दुकानाचा पत्ता हा, काय बोलायचं ते तोंडावर येऊन बोला. झेरॉक्सवाली म्हणाली टेपचं काढून टाक, त्याला काय कळणार. मी राहू दिलं.

संध्याकाळी पाच वाजता वाळवी आली. पुरुष नाहीच. साठीची एक बाई, काठीसारखी सरळ आणि तेवढीच जाड, नदीपलीकडच्या वाचनालयात पुस्तकं देते-घेते. वाचनालयात गारठा फार, बायकांच्या कोटांना आतला खिसा नसतो आणि हिला शिक्का आणि चष्मा ठेवायला आतले दोन खिसे लागतात, म्हणून पुरुषाचा कोट, छाती छत्तीस. मी म्हटलं बसा. म्हणाली, उभीच बरी. तिनं पावती मागितली. ती वजनमापवाल्याकडे होती, म्हणून मास्तरांनी वही उघडून नोंद दाखवली. तिनं तारीख वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि विचारलं, या सव्वीस वर्षांत त्याला कधी आठवण पाठवली होती का? मास्तर म्हणाले, पत्ता नव्हता. मग ती म्हणाली, “पुस्तक सव्वीस वर्षं उशिरा आलं तरी ते वाचनालयाचंच असतं. इथे माणूस उशिरा आला आहे, एवढाच फरक.” आणि उभ्याउभ्या फोन काढून, मला कोट नको आहे, असं तिनं स्वतः कळवून टाकलं. तुमचे बंधू बाकावरून उठून उभे राहिले. मी तिला चहा विचारला, तर म्हणाली दुकानात कपडे असताना चहा पिऊ नये, डाग पडतात. मला ही बाई आवडली.

विक्री रद्द झाली. बक्षीस म्हणून फोनवाल्यांनी माझं खातं पंधरा दिवस बंद ठेवलं, आणि रद्द केलेली विक्री काही झालं तरी पुन्हा सुरू होणार नाही, असं तांबड्या अक्षरांत कळवलं. मी म्हटलं कशाला पाहिजे आहे पुन्हा सुरू? (हे मी मोठ्यानं म्हटलं, झेरॉक्सवाली साक्षीला आहे.)

गुरुवारी वजनमापवाला आला. कोट झेरॉक्सवालीच्या बहिणीकडून परत आणलेला, इस्त्री केलेला, बटणं पुसलेली. मास्तरांनी दोन्ही हातांनी कोट मागून धरला, त्यानं एक हात बाहीत घातला, तो कोपरापर्यंत गेला आणि थांबला. दुसरा हात घालायचा प्रश्नच आला नाही. वन्सं, माणूस सव्वीस वर्षं सरकारी खुर्चीत बसला होता. मी दोन दिवस यंत्राशी भांडले, खोकं दोन गल्ल्या फिरवलं, एका सज्जन बाईला वाचनालय सोडून यायला लावलं, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की सव्वीस वर्षांपूर्वी बारीक असताना टाकलेला कोट या माणसाला चढणार कसा. माझं लक्ष पावतीवर होतं. पण तुमचे बंधू शिंपी आहेत. रस्त्यावरच्या माणसाची पाठ बघून माप सांगतात. मी त्यांना बाजूला नेऊन विचारलं, तुम्हाला कळलं नव्हतं का? म्हणाले, “कळलं होतं. पायरी चढला तेव्हाच. छाती सेहेचाळीस.” मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, “त्यानं कोट मागितला होता. माप नव्हतं मागितलं.”

मला वाटलं, चला, सुटलो, कोट दाखवला, त्याला होत नाही, यात आपला काय दोष. पण तो माणूस मापाच्या खात्यातला. तो म्हणाला, पावतीवर लिहिलं आहे, या कापडाचा एक कोट, अंगाच्या मापाचा. अंग हे, कापड हे (तुकडा दाखवला), कोट कुठे आहे? आवाज चढवला नाही. डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. एवढा मोठा माणूस, एक हात कोपरापर्यंत कोटात अडकलेला, आणि हळूच म्हणाला की बायकोला त्यानं लग्न झाल्यापासून या कोटाचं सांगितलं आहे, ती शनिवारी पहिल्या रांगेत असेल. मी तोंड उघडणार होते की साहेब, तुम्ही वेळेवर आला असतात तर. माझ्या तोंडाआधी मास्तरांचं तोंड उघडलं. म्हणाले, शनिवारी सकाळी घेऊन जा. आणि खणातून टेप काढून त्याचं माप घेऊ लागले. (त्यातही त्यानं टेप हातात घेऊन निरखली आणि सांगितलं की ती वापरून वापरून ताणली आहे, इंचामागे केसभर फरक पडतो. तुमचे बंधू त्या रात्री जेवले नाहीत.)

आता शब्द तर दिला, पण कापड? ती गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली. त्या विटकरी कापडाचा एकच तागा मास्तरांनी आणला होता आणि त्यातून तीन कोट निघाले. एक हा छत्तीसचा. दुसरा त्या औषधाच्या दुकानवाल्याचा, तो मेला तेव्हा त्याच्या अंगावरच गेला. तिसऱ्या कोटाचं कापड कुठे आहे ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, पण ते हात लावायला तयार नव्हते. मी म्हटलं मी बघते. मग मी बघितलं. कापडाची सोय झाली. शुक्रवारभर दुकान आतून बंद ठेवून मास्तरांनी कात्री चालवली, काजं मी केली, आणि शनिवारी सकाळी नऊ वाजता वजनमापवाला तो कोट घालून आमच्या आरशासमोर उभा राहिला. तुकडा कोटावर धरून बघितला. रंग तोच, रेघ तीच. मग पावती मास्तरांच्या हातात दिली आणि म्हणाला, “मिळाला.” मास्तरांनी वहीत सव्वीस वर्षांपूर्वीच्या ओळीपुढे खूण केली. दुपारी समारंभाचं बोलावणं होतं, गेलो. त्याची बायको पहिल्या रांगेत होती. भाषणं लांबली, कोट मात्र चांगला बसला होता.

छत्तीसचा कोट आता कुणाचा नाही, म्हणून मी तो वाळवीबाईंना द्यायला गेले. रद्द झालेली विक्री परत होत नाही आणि फोनबाहेर विकत घेणं त्यांच्या नियमात बसेना. शेवटी त्यांनी स्वतःच तोड काढली. कॉलरच्या आत तारखेचा कागद डकवला, आमच्या वहीत सही केली आणि कोट पंधरा दिवसांसाठी वाचायला नेला. खातं उघडलं की रीतसर बोली लावणार आहेत. माझ्याबद्दल फोनवर त्यांनी शेरा मारला आहे, सगळ्या जगाला दिसतो: विक्रेती प्रामाणिक आहे, उद्धट आहे. मास्तरांनी तो दोनदा वाचून घेतला.

तर इकडची खुशाली ही अशी. पाटी जागेवर आहे. तुमचे बंधू दोन्ही वेळ जेवतात. गुडघ्याला तेल चोळा, भावोजींना सांभाळा. लहानांना आशीर्वाद, मोठ्या तुम्हीच, म्हणून परत नमस्कार, तोही कागदावरच.

तुमची भावजय

ता. क. तिसरा कोट भावोजींचा. सहा वर्षांपूर्वी तुम्ही अस्तर बदलायला म्हणून आणून टाकलात आणि नेला नाहीत. भावोजींची छाती बावन्न असल्यामुळे कापड भरपूर निघालं, त्याबद्दल त्यांचे आभार. वरून उन्हानं फिकट झालं होतं, म्हणून मास्तरांनी कापड उलटं करून आतली बाजू बाहेर घेतली, तिथे रंग जसाच्या तसा होता. त्यात छातीवरचा खिसा उजवीकडे गेला. वजनमापवाल्यानं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की त्या काळी असाच असायचा. भावोजींना थंडीत कोट आठवला तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. अस्तर नवीन घातलं होतं, ते ठेवलं आहे. पाहिजे असल्यास पाठवते.

आणखी ता. क. तुमचे बंधू, ताईला विचारल्याशिवाय कात्री लावणार नाही, म्हणून हटून बसले होते. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं असतं, म्हणून मी तुमची चिठ्ठी आणली. म्हणजे झेरॉक्सवालीकडून लिहून घेतली आणि तुमच्याकडच्या बसच्या कंडक्टरनं आणून दिली असं सांगितलं. पहिल्या दोन फाडाव्या लागल्या, फार गोड झाल्या होत्या, ओळखलं असतं. तिसरी अशी: “बाळ, कोट काप. पडून राहून काय करायचा आहे. उगीच फोन करू नकोस. ताई.” ती त्यांनी खिडकीशी उजेडात नेऊन परत वाचली. म्हणाले, ताईनं मागितल्याशिवाय काही दिलं असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. चिठ्ठी त्यांनी खणात ठेवली नाही, शर्टाच्या खिशात ठेवली आहे. शर्ट बदलला की चिठ्ठी नव्या शर्टाच्या खिशात जाते.

शेवटचं. फोन करू नकोस असं लिहूनही त्यांना तुमचे आभार मानायचेच आहेत. आठवडाभर मी थोपवलं आहे, वन्संचा घसा धरला आहे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, असं सांगून. येत्या रविवारी सकाळी दहाला तुमचा घसा बरा होतो. फार बोलायचं काम नाही. ते विचारतील, तूच पाठवलीस ना चिठ्ठी? तेव्हा नुसतं हो म्हणा. नाही म्हणायचं असेल तर शनिवारपर्यंत मला कळवा, म्हणजे घसा आणखी एक महिना धरलेला ठेवता येईल.